तिनं पहिल्यांदा तुम्हालाच सांगितलं, तर काय करायचं?

बैठक संपलेली असते. हप्त्याचे पैसे मोजून रबर लावलेलं असतं, वही बंद झालेली असते, बायका चपला शोधत असतात. एकजण मात्र उगाच रेंगाळते. चटई गुंडाळायला लागते, ती झाली तरी जात नाही. मग खाली बघत म्हणते, "ताई, एक विचारू? पण कुणाला सांगू नका."

बचतगटाचं काम करायला लागले त्या पहिल्याच वर्षी हे माझ्या वाट्याला आलं, आणि मी घोळ करून ठेवला. नवरा मारतो, हे तिच्या तोंडून ऐकून डोकं तापलं. तशीच संध्याकाळी तिच्या घरी गेले आणि नवऱ्याला चार शब्द सुनावले. त्यानं मान डोलावली, चहासुद्धा पाजला. रात्री दार लावून "गावभर माझी अब्रू काढतेस?" म्हणत तिला आणखी मारलं, मोबाईल काढून घेतला. पुढच्या तीन बैठकांना ती आली नाही. हे मला महिन्यानं कळलं, तेही तिच्या जावेकडून.

म्हणून हा लेख ऐकणाऱ्यासाठी आहे. शेजारीण, बहीण, आशाताई, वर्गशिक्षिका, कामावरची सोबतीण, भाऊ, दीर, कुणीही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या लग्न झालेल्या बायकांपैकी सुमारे २५ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. त्याच सर्वेक्षणात देशभरातल्या, शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी ७७ टक्के जणींनी कधीच कुणाकडे मदत मागितली नव्हती, कुणाला सांगितलंही नव्हतं. मदत मागितली ती फक्त १४ टक्क्यांनी, आणि त्यांतल्या बहुतेकींनी माहेरच्यांकडे. पोलीस आणि वकील फार नंतर येतात. तेव्हा पुढचं सगळं ज्याच्या कानावर पहिल्यांदा पडतं त्याच्यावर ठरतं.

ऐकताना

पहिल्या दहा मिनिटांत सल्ला देऊ नका. "भांड्याला भांडं लागतंच", "एक मूल झालं की सुधारेल", "तू काही बोलली असशील", "दिल्या घरी सुखी राहा" ही वाक्यं आपल्या तोंडात तयारच असतात, ती गिळायची. त्याच्या उलटं वाक्यही तितकंच वाईट: "आत्ताच्या आत्ता निघ, घटस्फोट घे." तिला घरी नवरा हुकूम देतो, इथं तुम्ही देऊ नका.

बोलायचं तर इतकंच: "सांगितलंस ते बरं केलंस." "यात तुझी चूक नाही." आणि मग एक प्रश्न, "तुला काय व्हायला हवंय?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "मारायचं थांबलं पाहिजे, बाकी काही नको." नवरा तुरुंगात जावा असं फार थोड्याजणी म्हणतात. हे उत्तर लक्षात ठेवा, कारण पुढे कायद्याचा कुठला रस्ता धरायचा ते त्यावरून ठरतं.

मार म्हणजेच हिंसा, असंही नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात (महाराष्ट्रात सगळे "डीव्ही" म्हणतात) चार प्रकार आहेत: शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-मानसिक आणि आर्थिक. मुलगी झाली म्हणून टोमणे, माहेरी फोन करू न देणं, पगार काढून घेणं, बाईच्या नावावर योजनेचे दीड हजार येतात ते नवऱ्यानं परस्पर काढणं, घरखर्चाला पैसे न देणं, दागिने गहाण टाकणं, हे सगळं त्यात बसतं. आणि कायदा फक्त बायकोसाठी नाही. आई, बहीण, विधवा भावजय, अविवाहित मुलगी, लग्नासारख्या संबंधात एका घरात राहिलेली बाई, सगळ्यांना तो लागू आहे. पूर्वी फक्त सज्ञान पुरुषाविरुद्ध अर्ज करता यायचा. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती अट काढून टाकली, म्हणजे छळणारी सासू किंवा नणंद असली तरी अर्ज होतो.

गुप्ततेचं वचन देताना एक अपवाद आधीच सांगून ठेवा. समोरची मुलगी १८ वर्षांखालची असेल आणि लैंगिक अत्याचाराचा विषय असेल, तर पोक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. चाइल्डलाइन १०९८ वरून सुरुवात करता येते.

धोका किती, ते विचारूनच घ्या

हे प्रश्न अवघड वाटतात, पण सरळ विचारायचे. कधी गळा दाबलाय का? कोयता, विळा, रॉकेल, गॅस असं काही घेऊन धमकावलंय का? गरोदरपणात मारलं का? "सोडून गेलीस तर तुला आणि पोरांना संपवीन" किंवा "मीच जीव देईन" म्हणतो का? सतत संशय, पाठलाग? अलीकडे मार वाढलाय का?

गळा दाबल्याचं उत्तर "हो" आलं की कान टवकारा. मानेवर वळ नसला तरी आत सूज येऊ शकते. आवाज बसणं, गिळताना दुखणं, धाप लागणं, डोळ्यांत लाल ठिपके यांतलं काही असेल तर त्याच दिवशी दवाखाना. आणि ज्या घरात एकदा गळा दाबला गेला, तिथं जिवावर बेतण्याचा धोका बराच वाढलेला असतो.

तिच्याबद्दलही विचारा: "जीव द्यावासा वाटतो का?" असं विचारल्यानं कुणाच्या डोक्यात विचार भरत नाही, उलट मनातलं बोलायला वाट मिळते. हो म्हणाली तर तिला एकटी सोडू नका, आणि शेतकरी घर असेल तर फवारणीचं औषध कुठे ठेवलंय ते विचारून हलवायची व्यवस्था करा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर, १४४१६ वर, मराठीत बोलता येतं.

यातला कुठलाही मोठा धोका असेल, तर ती ज्या दिवशी घर सोडायचं ठरवेल तो दिवस सगळ्यांत जोखमीचा. त्यामुळे "मी चाललेय" हे नवऱ्याला आधी सांगायचं नाही. भांडणाच्या भरात तर नाहीच.

भिंतीपलीकडून आवाज येत असेल तर

११२ ला फोन. पत्ता, मजला, खूण सांगा. आपलं नाव तिच्या घरात कळू नये असंही सांगा.

फोन लावल्यावर, स्वतःला धोका नसेल तर, दार वाजवता येतं. २००८ मध्ये "बेल बजाओ" नावाची मोहीम देशभर झाली होती, तिची कल्पना एवढीच: बेल वाजवायची आणि काहीतरी क्षुल्लक मागायचं. वाटीभर साखर द्या, पाणी आलं का, आमचा चेंडू गॅलरीत आलाय का. मारणारा हात त्या मिनिटाला थांबतो. शक्यतो दोघंतिघं जा. "तिला का मारताय" हे दारात विचारायचं नाही, आणि "तिनं आम्हाला सांगितलंय" हे तर कधीच नाही.

पिशवी आणि मोबाईल

ती लगेच निघणार नसली तरी तयारी आजपासून करता येते. डीव्ही कायद्याच्या २००६ च्या नियमांत सुरक्षा आराखड्याचा एक छापील नमुनाच आहे, नमुना पाच. तो भरून घेणं संरक्षण अधिकाऱ्याचं (त्याच्याबद्दल पुढे सांगते) काम, पण कागदावर जायची वाट बघायला नको.

एक साधी कापडी पिशवी, जिच्याकडे कुणाचं लक्ष जाणार नाही अशी. ती तिच्या घरी ठेवायची नाही, तुमच्याकडे किंवा माहेरी. त्यात काय जावं: आधार, रेशनकार्ड आणि पासबुकाच्या झेरॉक्स, मुलांचे जन्मदाखले, विवाह नोंदणीचा दाखला, तो नसेल तर लग्नपत्रिका आणि लग्नातला दोघांचा फोटो, दागिन्यांच्या पावत्या, एक जोडी कपडे, रोजची औषधं, थोडे सुटे पैसे. सगळ्यांत जास्त विसरलं जातं ते नवऱ्याच्या उत्पन्नाचं: पगाराची पावती, सातबारा, साखर कारखान्याची किंवा डेअरीची बिलं, ट्रॅक्टरच्या कर्जाचे कागद. खर्चाच्या अर्जात नवरा हमखास "मी बेरोजगार आहे" म्हणतो. तेव्हा डेअरीचं एक बिल दहा साक्षीदारांचं काम करतं. मूळ कागद एकदम काढले तर लक्षात येतं, म्हणून आठवड्याला एकेकाचा फोटो काढून तुमच्या मोबाईलवर पाठवून तिनं तिच्याकडचा पुसून टाकला तरी चालतं.

मोबाईलकडे मी पूर्वी दुर्लक्ष करायचे. आता पहिल्यांदा तोच बघते. फोन कुणी घेऊन दिला? सिम कुणाच्या नावावर? व्हॉट्सअ‍ॅप उघडून सेटिंगमध्ये "लिंक्ड डिव्हायसेस" बघा. तिथं अनोळखी कॉम्प्युटर दिसला तर तिचे सगळे मेसेज कुणीतरी दुसरीकडे वाचतंय. गूगल मॅप्समध्ये लोकेशन शेअरिंग चालू आहे का? तिचं गूगल खातं नवऱ्याच्या फोनमध्येही उघडं आहे का? पण सापडलं म्हणून लगेच बंद करू नका. अचानक बंद झालं तर त्याला संशय येतो. तिनं महत्त्वाचे फोन तुमच्या मोबाईलवरून करायचे, एवढं तरी ठरवा. तुमचा नंबर तिच्याकडे "ब्लाऊज शिवणारी" किंवा "गॅस एजन्सी" अशा नावानं असू दे, आणि एक खुणेचं वाक्य ठरवा. आमच्याकडे एकीचं होतं, "पोळ्या लाटायला येता का?" याचा अर्थ, पोलिसांना फोन करा.

धमक्यांचे मेसेज, रेकॉर्डिंग, जखमेचे फोटो जपून ठेवायचे. ज्या फोनवर ते मूळ आहेत तो विकू नका, फॉरमॅट मारू नका. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र द्यावं लागतं, ते वकील तयार करून देतात, पण मूळ फोन असेल तर काम सोपं होतं.

दवाखान्यातला केसपेपर

ओपीडीत गर्दी असते. नवरा किंवा सासू शेजारी उभी असते. डॉक्टर मान खाली घालून विचारतात, "काय झालं?" ती म्हणते, "बाथरूममध्ये पाय घसरला." केसपेपरवर तेच लिहिलं जातं. दोन वर्षांनी तोच केसपेपर कोर्टात समोरचा वकील काढतो.

तुम्ही सोबत असाल तर नवऱ्याला औषधांच्या रांगेत पाठवायचं, आणि डॉक्टरांना किंवा सिस्टरला सांगायचं की हिला एकटीला विचारा. कुणी, कशानं, कधी मारलं ते केसपेपरवर लिहिलं जावं. "नवऱ्यानं काठीनं मारलं, काल रात्री" एवढी एक ओळ पुरते. डॉक्टर एमएलसी करायचं म्हणतील, म्हणजे पोलिसांना कळवणारी नोंद. तिला पुढे तक्रार करायची नसली तरी ही नोंद तिचीच राहते. केसपेपरची झेरॉक्स त्याच दिवशी काढून पिशवीत.

मुंबईत पालिकेच्या रुग्णालयांत यासाठी "दिलासा" केंद्रं आहेत. पहिलं केंद्र २००० मध्ये वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात, पालिका आणि सेहत या संस्थेनं मिळून सुरू केलं. बाई पोलीस ठाण्यात जायला लाजते, दवाखान्यात जायला लाजत नाही, आणि तिथं जायला घरच्यांची परवानगीही मिळते, हे त्यामागचं साधं शहाणपण.

बलात्काराचं प्रकरण असेल तर वेळ महत्त्वाची. एफआयआर नसला तरी उपचार नाकारता येत नाहीत, सरकारी असो की खासगी, आणि ते मोफत द्यावे लागतात. एचआयव्ही टाळायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, गर्भनिरोधक गोळीही जितक्या लवकर तितकी बरी. शक्य असेल तर अंघोळ न करता, कपडे न धुता जावं. केली असेल तरी जावंच. तपासणी तिच्या संमतीनंच होते.

कुठलं दार ठोठावायचं

लोक दोनच दारं धरतात, पोलीस आणि वकील. मधली दारं कुणी सांगत नाही.

१८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर, चोवीस तास. "सखी" वन स्टॉप सेंटर जिल्ह्याच्या ठिकाणी असतं. तिथं तात्पुरता निवारा, समुपदेशन, कायद्याची आणि दवाखान्याची मदत एका छपराखाली मिळते, साधारण पाच दिवस राहता येतं, लहान मुलांना सोबत नेता येतं. पोलिसांच्या आवारात समाजकार्यकर्त्या बसतात तो महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं १९८४ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात सुरू केलेला, आता राज्यभर पसरलाय. काही शहरांत पोलिसांचा, बायकांच्या मदतीसाठीचा भरोसा सेल आहे.

आणि संरक्षण अधिकारी. माझ्या मते डीव्ही कायद्यातला हा सगळ्यांत उपयोगी माणूस, आणि सगळ्यांत कमी माहीत असलेला. महिला व बालविकास विभागाचा. कुठे बसतो ते अंगणवाडीताईला विचारा, तिला हमखास ठाऊक असतं. तो घटनेचा अहवाल लिहून घेतो, त्याला "डीआयआर" म्हणतात. तो अहवाल न्यायदंडाधिकाऱ्याकडे जातो. कोर्टातला अर्जही संरक्षण अधिकाऱ्यामार्फत करता येतो, दवाखान्याची आणि निवाऱ्याची सोय करून देणंही त्याच्याच कामात येतं. शेजाऱ्यांसाठी महत्त्वाचं: हिंसा होतेय असं वाटायला कारण असेल तर कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो, आणि चांगल्या हेतूनं कळवलं तर त्याच्यावर कसलीही केस होत नाही, हे कायद्याच्या कलम ४ मध्येच लिहिलंय. तरी तिला विचारल्याशिवाय हे करू नका, जिवाला तातडीचा धोका असेल तेवढं सोडून.

डीआयआर लिहिताना तिच्यासोबत बसा. बायका म्हणतात, "नेहमीच मारतो." अहवालात "नेहमीच" चालत नाही. मग सणांवरून मागे जायचं. गेल्या गौरी-गणपतीत काय झालं होतं? मुलाच्या बारशाच्या वेळी? पहिल्यांदा कधी, सगळ्यांत वाईट कधी, शेवटचं कधी, या तीन घटना नीट तपशिलानं आल्या तरी अहवालाला वजन येतं. तारखा आठवत नाहीत, सण आठवतात.

पोलीस ठाण्यात

तोंडी सांगू नका. घरूनच अर्ज लिहून न्या, दोन प्रती. एक ठाणे अंमलदाराकडे, दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेऊन परत. ही पोहोच म्हणजे पुढच्या सगळ्या प्रवासाचं तिकीट.

नवऱ्याच्या किंवा सासरच्यांच्या छळाचं पूर्वीचं ४९८अ आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ८५ आणि ८६ झालंय. लोक अजून "चारशे अठ्ठ्याण्णव" म्हणतात, ठाण्यातसुद्धा. ही तक्रार तिनं स्वतः किंवा रक्ताच्या, लग्नाच्या अथवा दत्तक नात्यातल्या कुणी द्यावी लागते. शेजारीण म्हणून तुमच्या तक्रारीवर हा गुन्हा थेट दाखल होत नाही, हे माहीत नसल्यानं बऱ्याचजणी हेलपाटे घालतात. ती माहेरी आली असेल तर माहेरच्या हद्दीतही तक्रार देता येते, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते स्पष्ट केलंय. "हद्द आमची नाही" असं म्हणून परत पाठवता येत नाही, शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवून पुढे पाठवायचा असतो. एफआयआरची प्रत मोफत मिळते. नोंदवूनच घेतला नाही तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना (शहर असेल तर आयुक्तालयात) रजिस्टर पोस्टानं पाठवा आणि पोस्टाची पावती ठेवा.

बऱ्याचदा एनसी घेऊन बोळवण होते. एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद, तपास होत नाही. घेऊ नका असं मी म्हणणार नाही, कारण चार एनसी एकाखाली एक लावल्या की छळाची साखळी दिसते. पण "तक्रार झाली" अशा समजुतीत राहू नका. तसंच गुन्हा दाखल झाला की नवरा लगेच आत जाईल, असंही तिला सांगू नका. या कलमात आधी नोटीस देऊन बोलावणं हाच आता नेहमीचा रस्ता आहे. म्हणजे त्याच संध्याकाळी तो चिडून घरी असू शकतो. तक्रार द्यायच्या आधी रात्री ती कुठे झोपणार ते ठरलेलं हवं.

भावकीची बैठक

गावात हे टळत नाही. कोर्टाआधी भावकी, सरपंच, तंटामुक्तीची समिती. चावडीवर किंवा कुणाच्या ओसरीवर बैठक बसते, पुरुष खुर्च्यांवर, ती दाराआड. तिला विचारतात, "नांदायचंय ना?" ती हो म्हणते. नवरा स्टँपपेपरवर लिहून देतो, "यापुढे मारणार नाही, दारू पिणार नाही." सगळे चहा घेऊन घरी.

त्या स्टँपपेपरचा उपयोग एकच: यापूर्वी मारलं होतं याची ती कबुली. तो कोर्टाचा आदेश नाही, मोडला तर कुणी पकडत नाही. डीव्ही कायद्याखालचा संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा फरक बैठकीआधी तिला सांगा. बैठकीला बसायचंच असेल तर तिच्या बाजूनं किमान दोन बायका आत बसवा, कागदाची प्रत तिच्याकडे ठेवा, आणि "तिचंही चुकतं" अशी वाटणी करणारं वाक्य त्यात लिहू देऊ नका.

कोर्ट, थोडक्यात

डीव्हीचा अर्ज न्यायदंडाधिकाऱ्याकडे, ती जिथं राहते तिथं, तात्पुरती राहत असली तरी. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका: १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. कोर्टाच्या आवारातल्या तालुका विधी सेवा समितीत एक फॉर्म भरायचा, किंवा १५१०० वर फोन.

मागता येतात ते आदेश असे: मारू नये, जवळ येऊ नये. घरातून काढू नये, किंवा दुसऱ्या घराचं भाडं द्यावं. दरमहा खर्च. मुलांचा तात्पुरता ताबा. स्त्रीधन परत. नुकसानभरपाई. घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी ते सामायिक घर, म्हणजे तिला राहायचा हक्क असलेलं घर, ठरू शकतं, सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालापासून "घर माझ्या बापाचं आहे" या वाक्याची धार बरीच गेलीय. त्याच वर्षीच्या दुसऱ्या निकालानं पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र सक्तीचं केलं. पिशवीतलं डेअरीचं बिल इथं कामाला येतं.

कायद्यात पहिली तारीख तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लावायचा प्रयत्न करावा असं लिहिलंय. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात, हे तिला आधीच सांगावं, म्हणजे दुसऱ्या तारखेला ती खचत नाही. म्हणून वकिलाला पहिल्याच दिवशी अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतच्या तात्पुरत्या, आदेशाचा अर्ज करायला सांगा. कोर्टात सोबत जायची वेळ आली तर डबा आणि पाण्याची बाटली न्या. पुकारा दुपारी चारला होतो आणि तोवर ती उपाशी असते.

ती परत गेली तर

जाते. मुलांची परीक्षा असते, भावजयीचं तोंड वाकडं झालेलं असतं, नवरा रडून पाया पडलेला असतो. "मी सांगितलं होतं ना" हे शब्द त्या दिवशी तोंडातून निघाले की ती पुन्हा तुमच्याकडे येत नाही. पिशवी ठेवून घ्या, खुणेचं वाक्य तेच ठेवा, बैठकीला येते का बघा. दोन बैठका चुकल्या तर हप्त्याचं निमित्त काढून घरी जा.

स्वतःचंही सांभाळा. एकट्यानं जाऊ नका, तिला स्वतःच्या घरात लपवून ठेवायचं वचन देऊ नका, पैशाचा व्यवहार अंगावर घेऊ नका. तिची गोष्ट गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर, स्टेटसला, नाव न घेतासुद्धा टाकू नका. गावात नाव न घेता सगळं कळतं.

पुरुषांसाठी एक जागा राखीव आहे, तीही सांगते. मारणाऱ्याचा मित्र किंवा चुलतभाऊ असलेला पुरुष जे करू शकतो ते मी करू शकत नाही. कट्ट्यावर बायकोला मारल्याची फुशारकी चालू झाली की हसायचं नाही, उठून जायचं. मुंबईत १९९३ पासून "मावा" ही पुरुषांचीच संघटना या विषयावर काम करतेय.

कुणी सांगायला येण्याआधी

गटात हा विषय काढताना फळ्यावर "कौटुंबिक हिंसा" लिहू नका. घरी जाऊन कुणीतरी विचारणारच, आज काय शिकवलं? मी "घरखर्च आणि कागदपत्रं" असं नाव देते. खोटंही नाही.

"कुणाकुणाला मार बसतो, हात वर करा" असं कधीच विचारायचं नाही. त्याऐवजी प्रत्येकीला एक ज्वारीचा दाणा आणि एक हरभरा द्यायचा. पत्र्याचा डबा, झाकणाला भोक. गेल्या वर्षभरात घरात कुणी हात उचलला असेल तर हरभरा टाका, नसेल तर ज्वारी. उरलेला दाणा मुठीत झाकून घरी न्या, कोंबडीला घाला. मग डबा मधोमध ताटात ओतायचा. पहिल्यांदा केलं तेव्हा हरभरे जास्त निघाले. कुणी बोललं नाही. एकीनं नुसतं ताटातले हरभरे बोटानं एका बाजूला सारले, आणि मग मागून एक म्हातारी म्हणाली, "मला वाटायचं माझ्याच घरी." तिथून पुढे तासभर मला काही शिकवावं लागलं नाही. गट अगदी लहान असेल, चारपाच जणींचा, तर हे करू नका. कुणाचा दाणा कोणता ते ओळखू येतं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही वाण म्हणून एक कार्ड देतो. "महिलांसाठी मदत" असं वर छापलं तर ते घरात पोचतच नाही, दारातच फाडलं जातं. म्हणून वर लिहिलंय "घरातले महत्त्वाचे फोन". रुग्णवाहिका १०८, अग्निशमन १०१, गॅस गळती १९०६, पोलीस ११२, मुलांसाठी १०९८, महिला १८१, कायदा सल्ला १५१००. शेवटी वायरमन, आशाताई, पाणी सोडणारा, आपापल्या गावचे. अशा यादीत १८१ कुणाच्या डोळ्यांवर येत नाही, आणि नवराच ते कार्ड फ्रीजला चिकटवतो. कार्ड जाड कागदाचं घ्या, नंबर मोठ्या अक्षरात, आणि गॅस गळतीचा नंबर १८१ च्या वर येऊ द्या.